दुकानातील लिनक्स संगणक : दोष शोधावा कसा, कळवावा कसा?

इचलकरंजीहून आलेल्या गाठीतला एखादा तागा सदोष निघाला, तर आपण पेढीला नुसते ‘माल खराब आहे’ असे लिहीत नाही. तसे लिहिले तर उत्तरही तसेच येते. बिल नंबर, बिल्टी नंबर, तागा कोणता, किती मीटरवर आडवा धागा तुटला आहे, पन्हा कमी भरला असेल तर किती बोटे कमी, हे सगळे आपण लिहितो आणि दोषाचा तुकडा कापून सोबत पाठवतो. तो तुकडा हातात पडला की पलीकडच्या माणसाला वाद घालता येत नाही. तीस-पस्तीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढल्यावर ही गोष्ट आमच्या हाडीमासी मुरली आहे. पण दुकानात संगणक आला आणि तो बिघडू लागला, तेव्हा हीच गोष्ट आम्ही साफ विसरलो. त्यात एक जुने गिऱ्हाईक दुखावले गेले. तो किस्सा पुढे येईलच.

आमचे दुकान पणदऱ्यात आहे. बारामती-नीरा रस्त्यावरच्या गावात कापडाचा धंदा म्हणजे उसाचे बिल, लग्नसराई आणि सणवार यांवर चालणारा, अर्थात बराचसा उधारीचा. दुकानातला संगणक जुना. विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दर वेळी नवे यंत्र घेणे लहान दुकानदाराला परवडत नाही. आमच्या भाच्याने त्याच जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. पैसा लागला नाही आणि काम सुरळीत सुरू झाले. आमच्यासारखेच पुष्कळ व्यापारी बंधू आज या वाटेवर आहेत, म्हणून हा लेख.

लिनक्स वापरणाऱ्याने पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की, याचा एक मालक नाही. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जो गाभा लिहिला, तो आज हजारो माणसे मिळून सांभाळतात. पण आपण पडद्यावर जे पाहतो, ते एकट्या गाभ्याचे काम नव्हे. पत्र आणि हिशेब लिहिण्याचे लिब्रेऑफिस वेगळ्या मंडळींचे आहे. ते २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघाले. छपाईची व्यवस्था कप्स नावाची आहे, ती १९९९ पासूनची. अक्षरसंच आणखी कोणाचे. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे अक्षरसंच मोफत खुले केले, तेही यात आले. हे सगळे गोळा करून, एकमेकांशी जुळवून जे एक गाठोडे आपल्याला मिळते त्याला उबुंटू, डेबियन, मिंट अशी नावे आहेत. कापडाचेही असेच नाही का? कापूस विदर्भाचा, सूत एका गिरणीचे, विणाई दुसऱ्या गावाची, रंगाई तिसऱ्या ठिकाणची. गिऱ्हाइकाच्या हातात साडीचा रंग गेला, तर विणणाऱ्याला शिव्या देऊन काय उपयोग? दोष कोणत्या टप्प्यावर शिरला हे आधी शोधावे लागते. संगणकात निम्मे काम हेच आहे.

छपाईचे उदाहरण घेऊ, कारण दुकानात सर्वांत जास्त रडवतो तो प्रिंटर. बिल छापले जात नाही. अशा वेळी आपण काय करतो? संगणक बंद करून पुन्हा चालू करतो, केबल उपसतो, प्रिंटरवर थाप मारतो आणि तिन्ही एकदम करतो. मग छपाई सुरू झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा तेच. त्याऐवजी साखळी मधोमध तोडून पाहावी. बिलाची पीडीएफ फाइल करून ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून छापावी. छापली गेली, तर कागद, शाई, केबल आणि कप्स निर्दोष आहेत, दोष बिलाच्या प्रोग्रामकडे आहे. छापली गेली नाही, तर बिलाचा प्रोग्राम बहुधा निर्दोष आहे. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, कोलन, ६३१ असे लिहून कप्सचे पान उघडावे आणि तेथून चाचणीचा कागद छापून पाहावा. तोही निघाला नाही, तर दुसरी केबल लावून पाहावी, दुसरा प्रिंटर जोडून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे केले ते वहीत लिहीत जावे. चार-पाच पायऱ्यांत दोष कोणाच्या अंगणात आहे ते कळते.

मात्र कधी कधी दोष अशा ठिकाणी दडलेला असतो, की शहाण्या माणसालाही हसू यावे. २००८ साली उबुंटू वापरणाऱ्या काही लोकांनी तक्रार केली की, ओपनऑफिसमधून कागद छापला जात नाही. कोणी म्हणे छापत नाही, कोणी म्हणे काल छापत नव्हते, आज छापते आहे. अशी तक्रार कोणी मनावर घेत नाही. पुढे एका गृहस्थाने लिहिले की, ओपनऑफिस मंगळवारी कधीच छापत नाही असे आमची पत्नी म्हणते. ऐकणारे हसले असतील. पण बाईंनी मंगळवारी समोर छापून दाखवले, म्हणजे छापले गेले नाही हे दाखवले! इतर प्रोग्राम त्याच दिवशी छापत होते.

शोध घेतला तेव्हा असे निघाले की, ओपनऑफिसचा दोष नाही आणि प्रिंटरचाही नाही. आलेली फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखणारा ‘फाइल’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याच्याजवळ ओळखीच्या खुणांची यादी असते. एर्लांग या भाषेच्या एका जुन्या फाइलीची खूण म्हणून त्या यादीत एक पुरी तारीख लिहिली होती, तिची सुरुवात इंग्रजी मंगळवाराच्या पहिल्या तीन अक्षरांनी होत होती. तारखेतल्या मोकळ्या जागांना जे चिन्ह लावायला हवे ते लावायचे राहिले, त्यामुळे प्रोग्रामने ती तीन अक्षरे तेवढीच खूण मानली. छपाईला जाणाऱ्या फाइलीत वरच तयार झाल्याचा वार लिहिलेला असतो. मंगळवारी ती तीन अक्षरे नेमकी ठरलेल्या जागी येत, आणि बिचारा प्रोग्राम म्हणे, ही छपाईची फाइल नाहीच. कागद कोरा राहिला तो यामुळे. यादीतली ती एक ओळ दुरुस्त केली आणि मंगळवारचा ग्रह सुटला. या प्रकरणात सर्वांत मोठे काम कोणी केले? आमच्या मते त्या बाईंनी. त्यांना संगणकाच्या पोटातले काही ठाऊक नसेल, पण ‘कधी होते आणि कधी होत नाही’ हे त्यांनी टिपले.

जाता जाता, ‘बग’ म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या अगडबंब यंत्रात खरोखरच एक पतंग सापडला आणि तेथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची चाल त्याआधीचीच होती, एडिसनही तसे म्हणत असे. आपल्या धंद्यात कसर लागलेले कापड वेळीच बाहेर काढले नाही तर अख्खी फळी जाते, हे कोणाला सांगायला नको.

आता आमचा किस्सा. आमच्याकडे उधारीचे खाते एका मोफत प्रोग्रामवर आहे, त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पंचक्रोशीतले एक शेतकरी, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. त्यांच्या नावावर ४,३५० रुपये होते. दिवाळीच्या आधी आम्ही उधारीची यादी काढली आणि त्यांना दुकानात चार माणसांदेखत आठवण दिली. ते म्हणाले, “शेठ, ते पैसे तर मी पाडव्याला दिले की.” आम्ही नाव टाकून खाते उघडले, पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणालो, “तात्या, बघा, यात जमा नाही.” तात्यांनी एक शब्द बोलला नाही. खिशातून पैसे काढून ठेवले आणि निघून गेले. महिन्याभरात त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. बस्ता बारामतीला बांधला.

खरी गोष्ट अशी होती की, पाडव्याला गर्दी होती म्हणून आमच्या मुलाने जमा रकमा मोबाइलवर लिहून घेतल्या होत्या आणि रात्री त्या संगणकात चढवल्या होत्या. तात्यांचे नाव प्रोग्रामला सापडले नाही, म्हणून त्याने त्याच नावाचे दुसरे खाते उघडले. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. दोन्ही नावे पडद्यावर शेजारी ठेवली तरी कानामात्रेचा फरक दिसत नव्हता.

हे उशिरा लक्षात आले, आणि आम्ही रागाच्या भरात भाच्याकडून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना इंग्रजीत तक्रार पाठवली. तिचा मजकूर असा की, तुमच्या प्रोग्रामला मराठी नावे सापडत नाहीत, आमचे नुकसान झाले आहे, तातडीने दुरुस्त करावे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. प्रोग्रामची आवृत्ती कोणती, कळफलक कोणता, न सापडणारे एखादे नाव पाठवू शकाल काय, असे तीन साधे प्रश्न त्यात होते. आम्हास वाटले, टाळाटाळ करीत आहेत. उत्तर दिले नाही. काही आठवड्यांनी ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. आज विचार केला तर त्यांचे काय चुकले? सदोष तागा न पाठवता नुकसानभरपाई मागणाऱ्यास आम्हीही हेच उत्तर दिले असते.

मग रविवारी भाचा पुण्याहून आला आणि म्हणाला, “मामू, आधी आपणच सिद्ध करू.” आम्ही वही घेऊन बसलो. एकच नाव संगणकाच्या कळफलकावर दोनदा लिहिले, सापडले. मोबाइलवरून लिहिले, सापडले नाही. ‘ऱ्ह’ नसलेले नाव मोबाइलवरून लिहिले, सापडले. म्हणजे सगळ्या मराठीवर आळ घालण्याचे कारण नव्हते. मग ‘पांढऱ्या’, ‘पणदऱ्याला’, ‘कऱ्हा’ असे शब्द घालून पाहिले. सगळे चुकले. ‘पुण्याला’ आणि ‘नीरा’ मात्र बरोबर. दोष त्या एका आडव्या टोपीच्या र मध्ये आहे हे तासाभरात कळले.

पुढची पायरी भाच्याने दाखवली. लिब्रेऑफिसमध्ये शब्द उतरवून अक्षराच्या मागे कर्सर ठेवावा आणि ऑल्ट व एक्स ही बटणे एकदम दाबावी, की त्या अक्षरामागचे क्रमांक दिसतात. संगणकावरच्या नावात ०९३१ हा क्रमांक होता, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, आणि त्यापुढे हलंत. मोबाइलवरच्या नावात साधा र, हलंत आणि त्यापुढे २००डी हा क्रमांक, म्हणजे न दिसणारा एक सांधा. दिसायला दोन्ही एकच, पण पोटात दोन वेगळे ऐवज. असे का? भारतीय लिप्यांचे सांकेतिक प्रमाण १९९१ साली ठरले, त्यात ऱ आणि हलंत अशी रीत होती. १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत सांध्याची रीत होती. पुढे युनिकोडने जुने लेखन मोडू नये म्हणून दोन्ही ग्राह्य ठेवल्या, पण दोन्ही एकच समजाव्या असे मात्र ठरवले नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर मोठ्या जे वर ऱ आहे, तेथून पहिली रीत उमटते. इतर काही कळफलक दुसरी रीत उमटवतात. हिंदीला या अक्षराची गरज नाही, म्हणून हिंदीत चाचणी करणाऱ्यास हा दोष कधी दिसणारच नाही. तो मराठी माणसानेच कळवायचा. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, तेथेही हा अनुभव आहे. अरबी ये आणि उर्दू ये शब्दात सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे.

दुसरी तक्रार आम्ही अशी लिहिली. शीर्षक : ‘ऱ्ह, ऱ्य असलेली मराठी नावे दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडत नाहीत.’ त्याखाली लिनक्सचे नाव व आवृत्ती, प्रोग्रामची आवृत्ती, दोन्ही कळफलकांची नावे. मग कृती : रिकामे खाते उघडा, पहिल्या रीतीने ‘कऱ्हा’ हे नाव लिहा, जतन करा, दुसऱ्या रीतीने तेच नाव शोधा. अपेक्षा : खाते सापडावे. घडते ते : सापडत नाही आणि नवे खाते उघडते. किती वेळा : दहापैकी दहा वेळा. शेवटी दोन्ही नावांची छोटी फाइल आणि पडद्याचे चित्र जोडले. रागाचा एकही शब्द नाही. आमचे इंग्रजी बेताचे, पण वाक्ये लहान ठेवली तर काम भागते.

येथे काही गोष्टी सांगणे जरूर आहे. तक्रार पाठवण्यापूर्वी तीच तक्रार आधी कोणी केली आहे काय ते शोधावे. केली असेल तर नवी न लिहिता तेथेच आपली माहिती जोडावी. दोन दोष असतील तर दोन तक्रारी लिहाव्या. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्राम प्रश्न विचारत विचारत तक्रार लिहून घेतो आणि ती टपालाने जाते. उबुंटूतही आवृत्त्या व नोंदी आपोआप गोळा करून जोडण्याची सोय आहे. सर्वांत वरची पायरी म्हणून ‘अतिगंभीर’ हा शेरा असतो तो ज्याने माहिती नष्ट होते किंवा सारे यंत्र बिघडते अशा दोषासाठी आहे. आपले बिल तिरके छापले गेले म्हणून तो लावू नये. संगणक एकाएकी बंद पडत असेल, तर ‘लॉग्ज’ या प्रोग्राममध्ये त्या वेळेच्या ओळी सापडतात. पुन्हा चालू केल्यावर मागच्या खेपेच्या नोंदी पाहाव्या आणि घटनेच्या आधीची दोन-चार मिनिटे तेवढी उचलावी. हजार ओळींचा भारा कोणी वाचत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. या तक्रारी उघड असतात, जगात कोणीही त्या वाचू शकतो. गडबडीत आमच्या भाच्याने पहिल्या खेपेस पडद्याचे जे चित्र काढले होते, त्यात बारा गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर आणि बाकी दिसत होती. सुदैवाने पाठवण्याआधी आमची नजर गेली. गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडे अमानत असते, ती चव्हाट्यावर मांडायची नसते. म्हणून तक्रारीसाठी खोट्या नावांचे वेगळे खाते करावे आणि त्यातच दोष दाखवावा. जीएसटी नंबर आणि बँकेचा मजकूरही खोडावा.

हे सारे फुकट काम करणारे लोक आहेत काय, मग त्यांनी आपले का ऐकावे, असे एका बंधूंनी आम्हास विचारले. काही पगारी आहेत, पुष्कळ हौसेने करणारे आहेत. या सगळ्या चळवळीची ठिणगीच मुळी एका प्रिंटरने पाडली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा एक प्रिंटर कागद अडकवून बसे. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, पण मूळ लिखाण त्यांना देण्यास नकार मिळाला. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो कोणालाही लिखाण पाहता व दुरुस्त करता यावे म्हणून. आपण तक्रार लिहितो तेव्हा त्या दुरुस्तीतला आपला वाटा उचलतो. पैसे दिले नाहीत, निदान सदोष तुकडा तरी नीट कापून द्यावा.

आमच्या दुसऱ्या तक्रारीवर तीन दिवसांत उत्तर आले की, दोष आम्हालाही दिसला. त्यांनी शोध घेताना दोन्ही रीती एक समजण्याची दुरुस्ती सुचवली आणि ती तपासून पाहण्यास आम्हास सांगितले. आम्ही पाहिली. शोध लागतो, पण यादीचा क्रम अजून चुकतो, ‘ऱ्ह’ ची नावे दोन ठिकाणी विभागली जातात. तसे कळवले आहे, तक्रार अजून उघडी आहे. तोवर आम्ही दुकानात आणि मोबाइलवर एकच कळफलक ठेवला आहे, आणि भाच्याने जुन्या खात्यांतली सगळी नावे एका रीतीने बदलून दिली आहेत. त्या दिवशी अशी आणखी सहा दुहेरी खाती निघाली. त्यांपैकी दोघांकडून आम्ही पैसे दोनदा घेतले होते.

तात्यांकडे आम्ही स्वतः गेलो, ४,३५० रुपये आणि दोन्ही खात्यांचे छापील कागद घेऊन. त्यांनी कागद पाहिले, पैसे मोजून घेतले, चहा पाजला. म्हणाले, “मशीनचं चुकलं म्हणता, पण शेठ, तुम्ही मशीनला विचारलंत, मला नाही.” आता उधारीची आठवण देण्याआधी आम्ही पावतीपुस्तक हाताने चाळतो.